एक तुरा उद्यासाठी

अंतरवाले आणि कोंबडीवाल्या बाई यांची पहिली भेट झाली तेव्हा धरणीकंप झाला, विहिरींचं पाणी काठाला आलं आणि शिवारातली सगळी कुत्री एका सुरात रडली, असं चहाच्या टपरीवर सांगतात. टपरीवर या भेटीच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत. एकीत बाईंच्या हातात विळा आहे, दुसरीत मुसळ, आणि तिसरीत चक्क बंदूक. पण ती तिसरी आवृत्ती सांगणारा गृहस्थ स्वतःच्या छत्रीलाही घाबरतो, म्हणून ती सोडून देऊ. अंतरवाले भिंतीवरून पडले यावर मात्र सर्वांचं एकमत आहे. किती उंचीवरून, एवढाच वाद. ती भिंत दर वर्षी हातभर वाढते. आता ती किल्ल्याच्या तटाएवढी झाली आहे आणि लवकरच तिच्यावर तोफा चढतील.

प्रत्यक्षात भिंत कमरेएवढी होती. अंतरवाले तिच्यावर पोट टेकवून, अर्धे आत अर्धे बाहेर असे लोंबकळत, परसातल्या मक्याची ताटं मोजत होते. तेवढ्यात एक कोंबडा त्यांच्या पाठीवर चढला आणि आपण शिखर सर केलं अशा थाटात आरवला. अंतरवाले आत पडले. पडले ते खताच्या ढिगात, त्यामुळे इजा काही झाली नाही. फक्त चष्मा गेला आणि अब्रू गेली. चष्मा सापडला.

धडपड ऐकून बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात विळा नव्हता, मुसळ नव्हतं. दोन्ही हातांत अंडी होती, आणि केवळ त्यामुळेच अंतरवाले वाचले.

"अंडी चोरायला आलात?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. मक्यासाठी आलो."

"मका चोरायला."

"बाई, मी बियाणे कंपनीचा माणूस आहे. तुमच्या मक्याला अंतर द्यायला हवं."

"दिलंय की. दोन ताटांत चांगलं वीतभर."

"ते अंतर नव्हे. चारशे मीटर अंतर. शेजारच्या प्लॉटपासून."

बाईंनी आपल्या परसाकडे पाहिलं. या टोकाला उभं राहून शिंकलं तर त्या टोकाची कोंबडी दचकेल एवढं ते परस. "चारशे मीटरवर चहाची टपरी आहे," त्या म्हणाल्या. "तिथे लावू?"

"थट्टेचा विषय नाही हा. मला मॅनेजरना सांगावं लागेल."

"सांगा ना. अजून तुमच्या पाठीवरच बसलाय."

कोंबड्याचं नाव मॅनेजर होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ओरडायचं आणि नंतर दिवसभर काही करायचं नाही, यावरून बाईंनी ते ठेवलं होतं.

अंतरवाले हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव त्यांच्या ताईशिवाय आता कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. कंपनीने त्यांना ज्या कामाला लावलं होतं त्या कामाने त्यांचं नाव खाल्लं आणि स्वतःचं नाव त्यांना चिकटवलं.

काम असं. मक्याचं बियाणं तयार करणं म्हणजे लग्नं जुळवण्याचा धंदा. शेतात दोन जातींच्या ओळी लावतात, काही नराच्या, काही मादीच्या. आता मक्याचं प्रत्येक ताट मुळात स्वयंपूर्ण असतं. डोक्यावर तुरा, कमरेला कणीस, म्हणजे नवराही तेच आणि बायकोही तेच. कंपनीला ही स्वयंपूर्णता परवडत नाही. म्हणून मादीच्या ओळींतला प्रत्येक तुरा उमलायच्या आत हाताने उपटून टाकायचा. मग त्या बिचारीपुढे कंपनीने ठरवलेल्या स्थळाखेरीज दुसरं स्थळच राहत नाही. नराच्या तुऱ्यातून पराग उडतो, मादीच्या कणसाच्या केसांवर पडतो, आणि जो दाणा भरतो तो बियाणं म्हणून विकला जातो. भाव साध्या मक्याच्या चौपट. पण वाऱ्याला नातीगोती कळत नाहीत. आसपास कुठे परका मका फुलला आणि त्याचा पराग मध्येच घुसला, की तोच दाणा, तेच पाणी, तेच खत, तीच मजुरी, आणि भाव कोंबडीच्या खाद्याचा. लखपती आणि कोंबडीचा चारा यांच्या मध्ये फक्त एक तुरा उभा असतो.

तो तुरा उभा राहू द्यायचा नाही हे अंतरवाल्यांचं काम. अर्धं आयुष्य ते सायकलवरून शिवारं धुंडाळत होते आणि लोकांना सांगत होते, अंतर ठेवा, अंतर ठेवा. मक्याची इतकी लग्नं लावली, स्वतः ब्रह्मचारी राहिले. "आचाऱ्याला भूक लागत नाही, तसं तुझं झालंय," ताई म्हणायची. ताई त्यांची थोरली बहीण, दूरच्या शहरात मुलाकडे राहायची आणि दर रविवारी फोन करायची. फोनवर चार प्रश्न असायचे: जेवलास का, खोकला गेला का, कुणी आलं होतं का, आणि तू कुणाकडे गेला होतास का. पहिल्या दोहोंची उत्तरं आठवड्यागणिक बदलायची.

त्यांची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक ताट, दोन कप. दुसऱ्या कपात दाढीचा ब्रश. भिंतीवर दोन खिळे, एकावर रोजचा सदरा आणि दुसऱ्यावर चांगला सदरा, आणि चांगल्या सदऱ्याच्या खांद्यांवर धूळ. खालच्या दुकानात दिवसभर कुणी ना कुणी बोलत असे, आणि अंतरवाले फरशीला कान न लावताही ते ऐकत. दुकानदाराच्या मेहुण्याचं पोटाचं दुखणं, त्याच्या भाचीचे पेपर, सगळं त्यांना ठाऊक होतं. एकदा जिन्यात मेहुणा भेटला तेव्हा "आता पोट कसं आहे?" असं तोंडून निघून गेलं. त्याने कोण तुम्ही असं पाहिलं. त्यानंतर अंतरवाले जिना उतरताना मान खाली घालत.

लोक त्यांना माणूसघाणे म्हणत. ते खरं नव्हतं. गोष्ट एवढीच होती की कामाशिवाय कुणाच्या दारात उभं कसं राहायचं हे त्यांना येत नव्हतं. काम असलं की ते दार वाजवत, घसा साफ करत आणि स्पष्ट बोलत. काम नसलं की त्यांना दारावर थाप मारायला हात कुठला वापरायचा इथपासून प्रश्न पडे.

तर हे अंतरवाले खताच्या ढिगातून उठले, झटकले, आणि कायदा सांगू लागले. बाईंच्या भिंतीपलीकडे पायवाट, आणि पायवाटेपलीकडे लगेच बियाण्याचा प्लॉट. पेरणीच्या वेळी अंतरवाल्यांनी हे परस पाहिलं होतं, तेव्हा तिथे कोंबड्याच होत्या. बाईंनी मका मागाहून लावला, पण त्या मक्याची जात लवकर येणारी. आता ताटं भिंतीच्या वर डोकावत होती आणि उद्या-परवापासून तुरे काढणार होती. नियमाप्रमाणे ती आजच कापायला हवी होती. कंपनी नुकसानभरपाई देणार होती.

"आणि कोंबड्यांना काय घालू, भरपाई?" बाई म्हणाल्या.

"बाजारातून दाणे आणा."

बाईंनी अंडी टोपलीत ठेवली. हात मोकळे झालेले पाहून अंतरवाले थोडे मागे सरले. पण बाई आत गेल्या आणि मूठभर दाणे घेऊन आल्या. निम्मे दाणे, निम्मा भुसा.

"हा तुमचा बाजार. पूर्वी चारी बाजूंना पिवळा मका होता. सुगीला पोतं घरपोच यायचं आणि वर शेतकरी विचारायचा, आणखी देऊ का. मग तुमची कंपनी आली. चौपट भाव म्हटल्यावर सगळ्यांनी बियाणं लावलं, तेही पांढरं. आता साधा दाणा इथे कुणी पिकवतच नाही. लांबून येतो, त्यात गाडीभाडं, त्यात असा कचरा. सगळ्या शिवाराचा मका तुम्ही उचललात. आता माझी एवढीशी ताटं राहिली होती, तीही न्यायला भिंत चढून आलात."

अंतरवाल्यांना बियाण्याचं अर्थशास्त्र तोंडपाठ होतं. हे अर्थशास्त्र कोंबडीच्या बाजूने कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"पांढरा मका घाला मग," ते चाचरत म्हणाले.

"पांढऱ्याने बलक पांढरा पडतो. गिऱ्हाईक विचारतं, बाई, कोंबडीला बरं नाही का?"

"पण अंतर..."

"हे बघा अंतरवाले," बाई म्हणाल्या. त्यांचं टोपणनाव बाईंनाही ठाऊक होतं तर. "मी आजवर कुणाला अंतर दिलं नाही. सासूला नाही, दिराला नाही, नवऱ्याला नाही. नवऱ्यानेच दिलं, आधी निघून गेला वर. आता या वयात मक्याला देऊ?"

अंतरवाल्यांनी खाली पाहिलं. मॅनेजर त्यांच्या बुटाची लेस ओढत होता. आणि मग त्यांच्या तोंडून असं काही निघालं जे त्यांनी नोकरीच्या उभ्या काळात कुणाला म्हटलं नव्हतं.

"ताटं राहू द्या. मी तुरे उपटून देईन. तुरा गेला की तुमच्या मक्याचा कुणाला त्रास नाही. कणसं पलीकडच्या परागाने भरतील. दाणा पिवळाच राहील, आई पिवळी आहे ना."

"आणि हे एका दिवसात होईल?"

"तुरे एका दिवशी येत नाहीत. रोज थोडे थोडे येतात. रोज सकाळी यावं लागेल."

"रोज," बाई म्हणाल्या, आणि कोंबड्या मोजाव्यात तसं त्यांच्याकडे पाहिलं. "या मग. दारातून या."

पलीकडच्या प्लॉटच्या मालकाला शिवारात रेडिओ म्हणत. सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नसे. त्याच्या प्लॉटच्या काठावरच्या ओळी बाईंच्या भिंतीला जवळजवळ टेकलेल्या. परसातला एक तुरा जरी उमलला तरी पहिला फटका रेडिओला बसणार, हे अंतरवाल्यांना ठाऊक होतं. खरं तर हे मॅनेजरना, म्हणजे कंपनीतल्या, सांगायला हवं होतं. अंतरवाल्यांनी सांगितलं नाही. आपण रोज जातोच आहोत, एकही तुरा सुटणार नाही, मग उगाच कशाला, असं त्यांनी मनाला समजावलं. त्यांचं मन इतक्या चटकन समजणारं नव्हतं, पण या खेपेला समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवाल्याने पाहिलं की अंतरवाले चांगला सदरा घालून जिना उतरत आहेत. खांद्यांवरची धूळ झटकली होती, पण मानेमागे खिळ्याची खूण तशीच होती.

"कुणी गेलं का?" त्याने काळजीने विचारलं.

तुरा उपटण्यात एक नजाकत आहे. घाईने ओढला तर पान येतं, जपून ओढला तर अर्धा तुटून आत राहतो. एका हाताने ताट धरायचं, दुसऱ्याने तुरा सरळ वर खेचायचा. मग तो "टुप" असा आवाज करत येतो, बाटलीचं बूच निघावं तसा. त्या परसात रोज सकाळी पाच-दहा वेळा टुप होई आणि काम संपे. तेवढ्यासाठी सायकलवरून यावं आणि लगेच परतावं हे बरं दिसेना, म्हणून बाईंनी पहिल्या दिवशी एक उकडलेलं अंडं दिलं, वर मीठ. अंतरवाल्यांनी ते पालथ्या बादलीवर बसून खाल्लं. बलक झेंडूसारखा पिवळा.

"कळलं का आता?" बाई म्हणाल्या.

"कळलं."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बादलीच्या जागी खुर्ची आली. खुर्चीबद्दल कुणी काही बोललं नाही. मॅनेजर मात्र तिच्यावर आधी जाऊन बसू लागला, आणि रोज सकाळी त्याला उठवण्याचा एक कार्यक्रम होऊ लागला.

"उठा मॅनेजर, तुमच्या हाताखालचा माणूस आलाय," बाई म्हणत.

अंतरवाले बोलू लागले. आधी मक्याबद्दल, मग सायकलबद्दल, मग खालच्या दुकानदाराच्या मेहुण्याच्या पोटाबद्दल. बाईंनी त्यावर मेहुण्याला काय द्यावं ते सांगितलं. बाई बोलायच्या त्या कोंबड्यांना बोलल्यासारखं, दाणे टाकता टाकता, तोंड दुसरीकडे करून. नवरा गेल्यापासून दिवसभर कुणाशी बोलायचं तर कोंबड्याच, आणि कोंबडी हो ला हो करत नाही, नाही ला नाही करत नाही, नुसती मान वाकडी करून बघते. त्याने माणसाला आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटत राहतं, असं त्यांनी सांगितलं. अंतरवाल्यांनी मान वाकडी करून ऐकलं.

"हे बघा, तुम्हीही तेच," बाई म्हणाल्या, आणि हसल्या.

त्या रविवारी ताईचा फोन आला. जेवलास का झालं, खोकला झाला.

"कुणाकडे गेला होतास का?"

"कामाला जातो रोज एकीकडे."

ताईने पलीकडचा टीव्ही बंद केला. "एकीकडे म्हणजे?"

"मक्याचं काम आहे गं."

"मक्याचंच असणार रे तुझं. पण आवाज का असा वरच्या पट्टीत? पाय घसरून पडला होतास का कुठे?"

"पडलो होतो," अंतरवाले म्हणाले. "भिंतीवरून."

पण तुरे काही कायमचे येत नाहीत. ताटं तेवढीच, आणि प्रत्येकाला एकच तुरा. टुप टुप कमी होऊ लागलं. अंतरवाले परसात शिरताच शेंड्यांवरून नजर फिरवत, पूर्वी ज्या नजरेने परके तुरे शोधत त्याच नजरेने. फक्त पूर्वी तुरा दिसला की छातीत धस्स होई, आता न दिसला की होई.

मग ती सकाळ आली. शेवटचे तीन तुरे होते. दोन त्यांनी काढले. तिसरा भिंतीजवळच्या ताटावर, घेवड्याच्या वेलाआड, अजून पानाच्या गुंडाळीत होता. त्यांनी बोटाने गुंडाळी चाचपून पाहिली. आत तुरा घट्ट होता. हा परवापर्यंत उमलत नाही, असा त्यांनी अंदाज बांधला. अंदाज बांधताना त्यांचा हात ताटावर होता, आणि तो हात सरळ वर खेचला असता तर काम तिथेच संपलं असतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर अंतरवाल्यांनी त्याचा प्लॉट नापास केला असता, त्याच्या बापाचाही केला असता. त्यांनी पान नीट झाकलं आणि हात काढून घेतला.

"झाले?" बाईंनी विचारलं.

"एक आहे अजून. उद्यासाठी."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि अंड्यावर मीठ टाकलं.

त्या दुपारी कोरडा, गरम वारा सुटला. अशा वाऱ्यात तुरे कुणाचे अंदाज पाळत नाहीत. अंतरवाले तेव्हा दुसऱ्या टोकाच्या प्लॉटवर होते. वारा सुटला तसे ते थांबले, सायकलवर टांग टाकली, अर्ध्या वाटेपर्यंत आले, आणि मग थांबले. आता दुपारी तिथे जाऊन काय सांगायचं? सकाळी जाऊन आलो, पुन्हा कसा? बाई काय म्हणतील? ते एका झाडाखाली सायकल धरून बराच वेळ उभे राहिले, मग उलटे वळले.

सकाळी तुरा पूर्ण उमललेला होता. वेलावरच्या कोळ्याच्या जाळ्यावर पिवळी भुकटी साचली होती आणि खाली खुर्चीवर बसलेल्या मॅनेजरच्या तुऱ्यावरही. वारा परसातून पायवाटेकडे वाहत होता. पलीकडे रेडिओच्या काठावरच्या ओळींत कणसांचे केस नुकते बाहेर आले होते, ओले, चमकणारे. अंतरवाल्यांनी तुरा उपटला आणि खिशात कोंबला. मग खुर्चीवर बसून अंडं खाल्लं. त्याची चव कशी होती ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही.

"संपले आता," ते म्हणाले.

"म्हणजे उद्या नाही?"

"तुरेच नाहीत."

"हो," बाई म्हणाल्या. "तेही खरंच."

त्यानंतर कणसं भरेपर्यंत अंतरवाले त्या पायवाटेने गेले नाहीत. प्लॉट बघायला जायचे तर लांबचा फेरा मारून. पांढऱ्या मक्याचं एक दुष्ट वैशिष्ट्य आहे. बाहेरचा पिवळा पराग पडला तर ते लपत नाही. पुढच्या पिढीची वाट पाहायला लागत नाही, त्याच कणसात पिवळे दाणे उठून दिसतात. अंतरवाले रात्री खाटेवर पडले की त्यांना पांढऱ्या दाण्यांच्या ओळी दिसत आणि ते त्यांत पिवळे शोधत.

शोधावे लागले नाहीत. काढणीच्या दिवशी रेडिओच एक सोललेलं कणीस घेऊन धावत आला.

"साहेब, हे बघा, हे बघा तर, मोत्याच्या माळेत सोन्याचे मणी, मी बायकोला म्हटलं आपल्या शेतात काहीतरी चांगलं होणार, ती म्हणाली आधी पंप दुरुस्त करा, पण बघा ना साहेब, एक नाही, काठाच्या ओळींत कितीतरी आहेत, हा शुभशकुन की काय आहे?"

अंतरवाल्यांनी कणीस हातात घेतलं. रेडिओ थांबला. त्याला बटण सापडलं होतं.

"शुभशकुन नाही," अंतरवाले म्हणाले. "या ओळी नापास."

कंपनीतले मॅनेजर वयाने त्यांच्या भाच्याएवढे होते आणि स्वभावाने वाईट नव्हते. टेबलावर त्यांनी ते कणीस उभं केलं, फुलदाणीसारखं.

"पिवळा पराग आला कुठून?"

"पायवाटेकडच्या परसातून. तिथे थोडा मका होता. तुरे मी काढत होतो."

"एक राहिला असेल नजरचुकीने. होतं असं."

अंतरवाल्यांना इथे मान डोलवून बाहेर पडता आलं असतं. "राहिला नाही," ते म्हणाले. "ठेवला."

"ठेवला? कशाला?"

"दुसऱ्या दिवशी जायचं होतं."

"कुठे?"

"तिथेच."

मॅनेजरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कणसाकडे, मग खिडकीबाहेर. शेवटी त्यांनी कॅल्क्युलेटर जवळ ओढला. रेडिओच्या ओळी साध्या मक्याच्या भावाने जाणार होत्या, वरचा फरक कंपनीने सोसायचा ठरला, आणि अंतरवाल्यांची पगारवाढ त्या वर्षापुरती थांबली. एवढं झाल्यावरही मॅनेजर बटणं दाबतच राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"कोंबड्या किती आहेत बाईंच्या?"

"तीसेक."

"तीस कोंबड्यांना वर्षभर किती दाणे लागतील? काहीच नाही. इथे एक ओळ नापास झाली तरी त्याहून जास्त पैसे जातात. आपणच बाईंना पिवळे दाणे देऊ, स्वच्छ, फुकट, दर महिन्याला टेम्पोने. अट एकच, मका लावायचा नाही. कायमचा प्रश्न मिटला." ते खुर्चीत मागे रेलले. "आता तिथे कुणाला जायचीसुद्धा गरज नाही."

हे बाईंना सांगायचं काम अंतरवाल्यांवरच आलं. काम होतं, म्हणून ते दारातून गेले, दार वाजवलं आणि घसा साफ केला. परसातला मका बाईंचा काढून झाला होता. धाटं भिंतीला टेकवून ठेवली होती. खुर्ची जागेवर होती. मॅनेजर तिच्यावर होता. अंतरवाले उभेच राहिले.

"वर्षभर?" बाईंनी पुन्हा विचारलं. "पिवळे? भुशाशिवाय?"

"भुशाशिवाय."

"आणि मी नुसतं मका लावायचा नाही?"

"एवढंच."

"तुम्ही केलंत हे?"

"नाही. म्हणजे, माझ्या चुकीमुळे झालं. तो शेवटचा तुरा होता ना, तो मी त्या दिवशी काढायला हवा होता. मी मुद्दाम ठेवला."

बाई वाकून जमिनीवरचं एक पीस उचलत होत्या. "मला दिसला होता की," त्या म्हणाल्या. "वेलाआड. दुपारी वारा सुटला तेव्हा काढणारही होते. म्हटलं राहू दे, उद्या येणारच आहेत."

अंतरवाल्यांच्या हातात टोपी होती. ती त्यांनी एकदा पूर्ण फिरवली. त्या वाक्याचे दोन अर्थ होत होते, आणि कुठला खरा हे विचारायला एक तिसरं वाक्य लागत होतं. ते त्यांच्या घशापर्यंत आलं. तिथे त्याला कंपनीचं काम आडवं आलं.

"दाणे वेळेवर आले नाहीत तर मला कळवा," ते म्हणाले. "मी लगेच येईन."

"आणि वेळेवर आले तर?"

अंतरवाल्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मॅनेजर मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहत होता.

"मग प्रश्नच नाही," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. पीस त्यांच्या बोटांत होतं, ते त्यांनी सोडून दिलं. "मग प्रश्नच नाही."

रविवारी ताईने विचारलं, कुणाकडे गेला होतास का. अंतरवाले नाही म्हणाले. ताईने खोकल्याबद्दल पुन्हा विचारलं, तो तर गेला होता. चांगला सदरा परत खिळ्यावर गेला. टपरीवर भिंतीची गोष्ट रंगली की अंतरवाले सायकलवरून उतरत नसत, पण पायडल मारायचं थांबवत, आणि सायकल जेवढी आपोआप जाईल तेवढं ऐकून घेत.

पुढच्या हंगामात बाईंनी परसात भोपळे लावले. दाण्याचं पोतं दर महिन्याला आलं. एकदाही उशिरा आलं नाही.